डाख

आमच्या कारखान्यात आधी घड्याळं व्हायची.
मग एका सोमवारी लाईनवर आली
पाटीएवढी काळी पेटी, रबराच्या बटणांची.
फोरमन म्हणाला, हा कॉम्प्युटर, लोकांच्या घरी जाणार.
ऱ्होना हसली : कोणाच्या?
माझ्या घरी इस्त्री ठेवायला जागा नाही.

हात मात्र तेच लागले, बायकांचे,
केसाएवढ्या स्प्रिंगांना सरावलेले.
भिंगाखालून बोर्ड सरकायचा,
कच्चा सांधा दिसला की तापल्या टोकानं
थेंबभर डाख द्यायचा. दिवसाला तीनशे.
राळेचा धूर केसांत घेऊन बसनं घरी.
यात खेळ असतात
हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

डाखावरून बाई ओळखू यायची,
अक्षरावरून ओळखतात तशी.
ऱ्होनाचा थेंब गोल, ताठ.
एफीचा जरा सांडलेला, तिच्या बोलण्यासारखा.
माझा डावीकडे कललेला. मी डावखुरी,
त्यापायी शाळेत छड्या खाल्लेली.

टे नदीवरून धुकं जिन्यापर्यंत आलं होतं
त्या शनिवारी युअननं एक पेटी आणली.
पबच्या मागं, पंधरा पौंडांत,
कोणाच्या तरी कोटाखालून गेटबाहेर पडलेली.
मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर परत करावी लागली असती.

भाड्याचा टीव्ही, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर,
आणि कॅसेटमधून तो आवाज,
पत्र्यावर खिळा ओढावा तसा, मिनिटंच्या मिनिटं.
पडद्याच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत होत्या.
चर्चमध्येसुद्धा पोरगा इतका स्थिर बसला नव्हता कधी.

आई कोपऱ्यात. चौतीस वर्षं ज्यूट मिलमध्ये,
मागांनी कान नेलेले.
ओठ वाचते, बोटांनी बोलते.
उठून आली, टेबलावर तळवा ठेवला,
ठेवून राहिली.
'माग आहे,' म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्यानं,
'बारीक सुताचा. बरा चाललाय.'

तेवढ्यात कपाटातल्या मीटरनं शेवटचं नाणं पचवलं.
अंधार.
'धागा तुटला.'

आता पहिल्यापासून, युअन म्हणाला,
वीज गेली की याला काही म्हणजे काही आठवत नाही.
कोटाच्या अस्तरात एक नाणं सापडलं.

मग तो दिसला : दीपगृहाचा रखवालदार,
बारा ठिपक्यांचा, तेलाची बरणी घेऊन
जिना चढणारा.
तिसऱ्या मजल्यावर थबकला.
पुन्हा लावला, पुन्हा थबकला,
एक पाय हवेत.

रात्री पोरगा झोपल्यावर मी पाच स्क्रू काढले.
भिंग नव्हतं, आईचा चष्मा लावला.
स्मृतीच्या चिपचा एक पाय,
भोवती करडा, निस्तेज, चिरलेला डाख,
डावीकडे कललेला.

बोर्डावर आठवड्याचा शिक्का होता.
तो आठवडा मला शिक्क्याशिवायही कळला असता.
ॲलेकचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं,
तेलाच्या रिगवरून, दीड पान,
परत येत नाही असं सांगायला दीड पान,
आणि घडी घालून दुपारी
दीडशे बोर्ड केले.

लीड्समध्ये, कॉर्कमध्ये, कुठं कुठं
एक पाय हवेत धरून
किती रखवालदार उभे असतील जिन्यात,
आणि खाली पोरं बटणं बडवत.

विणायची सुई गॅसवर लाल केली.
थेंब वितळला, चकाकला, बसला.
बोट भाजलं.

सकाळी वरचा दिवा लागला.
आपोआप सुधारला, युअन म्हणाला.
मी टोस्टला लोणी लावत होते.

आईनं माझं बोट धरून पाहिलं.
मग मिलमधली जुनी खूण केली,
अंगठ्यावर दोन बोटं फिरवून : गाठ मारलीस.
आणि भुवई उचलून : सगळ्या?

एकच, मी म्हटलं.
ती ओठ वाचत होती.